रंगाचा रकाना

सोनीबाईच्या चोळीत मी मला दिसले. सीताफळांची पाटी धरायला वाकले होते, एवढंच निमित्त. सोनीबाई बंजाऱ्यांच्या तांड्यावरून दर बुधवारी यायची, दारात बसकण मारायची, पाटीवरचा पळसाचा पाला बाजूला करायची. तिच्या चोळीवर, बाह्यांवर, ओढणीच्या काठाला शिवलेले आरसे उन्हात हलत राहायचे. इतके दिवस मी नजर खाली ठेवूनच तिच्याशी बोलत असे. त्या दिवशी पाटी जड होती. “धरा वं माय,” ती म्हणाली, मी धरली, मान वर केली, तर नखाएवढ्या एका काचेत एक डोळा होता. शेजारच्या काचेत कुंकवाचा काठ. खालच्या काचेत गालाचा तुकडा, भिजल्या मातीच्या रंगाचा. कुणाचा आहे हे कळायला मला एक क्षण लागला, आणि तो क्षण फार लांब होता. परक्या गावच्या स्टेशनावर कुणी आपल्या नावाने हाक मारावी तसं झालं. मी डोळे मिटून घेतले. सोनीबाई खदखदून हसली. “काहून वं माय, डोये कायले मिटले? आरशे का चावते तुमाले?” मी हळू आवाजात सांगितलं की नेम आहे माझा, आरसा पाहत नाही मी. तिने सीताफळं मोजायला घेतली. मग म्हणाली, “आमी तं जलमभर आरशेच घालून राह्यलो. पन आमाले आमचं थोबाड कुठी दिसते? ज्याचं त्याले दिसते.” तिने सीताफळं मोजून ठेवली, दोन जास्तीची ठेवली, आणि गेली. मी दारातच उभी होते. समोरच्या जिनातून, सरकी काढायच्या गिरणीतून, कापसाचे तंतू उडत होते, नुकताच हंगाम सुरू झाला होता, आणि तुळशीवर, ओल्या केसांवर, सीताफळांच्या डोळ्यांवर ते हलकेच येऊन बसत होते.

पंधरा महिने झाले होते. आदल्या सालच्या आषाढी एकादशीला मी आरसा सोडला. लोक चातुर्मासात वांगं सोडतात, कांदा सोडतात, कुणी मीठ सोडतं. माझे लहानसहान नेम होतेच. तुळशीला रोज एकवीस प्रदक्षिणा, सोमवारचा उपास, आणि दुपारी वाती वळणं. लाख वाती पुऱ्या करून देवीला वाहायच्या होत्या. त्यात हा एक वाढवला. कावेरीचं लग्न ठरेपर्यंत स्वतःचं तोंड पाहायचं नाही, असा संकल्प सोडला आणि आरशाची फणेरपेटी लुगड्याच्या घडीत गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवली. कावेरी माझी एकुलती एक. तेव्हा एकोणीस वर्षांची, मॅट्रिक होऊन कॉलेजात एक वर्ष काढलेली. अकोल्याच्या मंडळींनी तिला नाकारून चारच दिवस झाले होते. तिसरा नकार. त्यांना आधी फोटो पाठवला होता. शेजारच्या जोहराबीचा भाऊ जफर, त्याच्या स्टुडिओत काढलेला. जफर काचेच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने रेघा मारून माणसाला उजळ करून द्यायचा, आणि प्रेमाने, न विचारता द्यायचा. अकोल्याचे गृहस्थ आमच्या ओसरीवर बसून आमच्या ह्यांना, सदाशिवरावांना, शेतीचं विचारत होते. जमीन कशी आहे? काळी, हे म्हणाले, अगदी काळी, भारी. गृहस्थांचा चेहरा फुलला. तेवढ्यात कावेरी पोह्यांचं तबक घेऊन आली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग खिशातून फोटो काढून त्याच्याकडे पाहिलं, आणि अगदी सहज विचारलं, “ह्या फोटोतली मुलगी घरात नाही काय आज?”

कावेरीने तबक खाली ठेवलं. तिच्या हाताला कंप नव्हता, हे मला आठवतं. मी आतल्या दाराला धरून उभी होते, आणि माझ्या तळपायांना ओलं शेण लागत होतं. खरं तर आमच्या घरी तेव्हा फरशी होती. पण मी तेव्हा बोरी अरबला होते, मामाच्या घरी, चौदा वर्षांची, आणि मला नुकत्याच सारवलेल्या जमिनीवरून चालायला लावलं होतं, पाऊल सपाट आहे की खोल हे उमटून दिसावं म्हणून. पाच-सहा बायका माझ्या पावलांवर वाकल्या होत्या. वेणी सोडायला सांगितली. केस खरे आहेत का म्हणून एकीने ओढून पाहिले. मग एकीने माझा हात आपल्या हाताशेजारी ठेवला, नुसता ठेवला. तीच पुढे माझी सासू झाली. लग्नानंतर बावीस वर्षं, त्या जाईपर्यंत, सणावाराला मी हिरवं नेसले की त्या म्हणायच्या, “हिरवं नको गं, उठत नाही तुझ्यावर.” वाईट नव्हत्या. मला बाळंतपणात त्यांनी तळहातावर झेललं. पण आरशासमोर कुंकू लावायला बसले की माझ्या मागे नेहमी त्या उभ्या असायच्या. त्या स्वयंपाकघरात असल्या तरी. म्हणून एक गोष्ट मी देवीपाशीही कधी बोलले नाही, ती ही की आरसा सोडणं मला जड गेलं नाही. उपासाच्या दिवशी भूक लागते. ह्या नेमात मला कधी भूक लागली नाही.

आरसा नाही म्हटल्यावर कुंकू अंदाजानेच लागायचं. पहिल्याच सकाळी कावेरी म्हणाली, “आई, डावीकडे गेलं,” आणि पदराच्या टोकाने तिने ते नीट केलं. मग तो रोजचाच भाग झाला. आंघोळ, तुळस, दिवा, आणि मग ती माझ्यासमोर उभी राहायची, एका हाताने माझी हनुवटी धरायची, जीभ दाताखाली धरून बारीक नजरेने कपाळ पाहायची. तिचा श्वास माझ्या पापण्यांवर यायचा. पंधरा महिने रोज सकाळी मी तिचा चेहरा इतक्या जवळून पाहत होते, आणि आता वाटतं, मी तो पाहत नव्हते. मी तिच्या गालावर ऊन पडलेलं पाहायचे आणि मनात म्हणायचे, आज जरा उजळ दिसते. देवीच्या मुखवट्यावरची हळद शुक्रवारी उतरवली की दुधात कालवून तिला द्यायचे. तिने चहा सोडला होता, कुणीतरी सांगितलं होतं चहाने माणूस काळवंडतो. मी म्हटलं नाही की पी. मला वाटलं, लेकीनेही एक नेम धरला.

सीताफळांच्या त्या बुधवारीच दुपारी वकीलीणबाई आल्या. आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष त्या, मोठ्या उत्साही बाई. दिवाळीआधी शाळेच्या मैदानात प्रदर्शन भरायचं होतं, कापसाचं, खतांचं, विणकामाचं, आणि एका साबणवाल्यांनी बक्षिसं देऊ केली होती. “ह्या वर्षी सुदृढ बालक नको, माई. तेच ते रडकं पोर. ह्या वर्षी सौंदर्य स्पर्धा!” त्यांनी पिशवीतून एक मासिक काढून माझ्यापुढे धरलं. पानभर चित्र होतं. कुठल्याशा दूरच्या शहरातली मुलगी, डोक्यावर मुकुट, खांद्यावरून आडवा पट्टा, आणि हसणं असं की ती नक्की कुणाला हसते आहे ते कळू नये. मला ती देवीच्या उत्सवमूर्तीसारखी वाटली. फक्त तिला दहा हात नव्हते, दोनच होते आणि ते कुठे ठेवावे हे तिला ठाऊक नव्हतं. “परीक्षक तीन,” वकीलीणबाई म्हणाल्या, “डॉक्टरीणबाई, मुख्याध्यापिका, आणि तुम्ही.” मी नको नको म्हटलं. तर त्या हसून म्हणाल्या, “तुमच्याइतकं निःपक्षपाती कोण आहे माई यवतमाळात? तुम्ही तर स्वतःलासुद्धा पाहत नाही.” दारात जोहराबी उभी होती, तिच्या मुलीने, गुलनारने शिवलेली कावेरीची चोळी द्यायला आली होती. ती म्हणाली, “माई नंबर देगी? अहो, माई तं भिकाऱ्यालेही बसायले पाट देते. सब को दस में दस!” सगळ्या हसल्या. मीही हसले. आतल्या खोलीत कावेरी मासिकाचं ते पान हातात घेऊन उभी होती, आणि हसत नव्हती.

दोन दिवसांनी मी वाती वळत बसले होते तेव्हा ती समोर येऊन बसली. कापसातली सरकी काढून देऊ लागली.  मग म्हणाली, “मी नाव देलं, आई.” मला आधी कॉलेजचंच काही वाटलं. “स्पर्धेत. वकीलीणबाईंना विचारलं मी, आई परीक्षक आहे तं चालते का. त्या म्हणे, माई आणि पक्षपात? चालते.” माझ्या हातातली वात सुटली. मी म्हटलं, कशाला गं, चार लोकांत. लोक काय काय बोलतील. ती म्हणाली, “लोकं तं बोलूनच राह्यले. लोकांचं मले मालूम आहे.” सरकीचा दाणा तिने दोन बोटांत फिरवला. काळा, चकचकीत दाणा. “तुझं मालूम नाही.”

माझं काय, मी विचारलं. माझा आवाज मुळातच बारीक, तो आणखी बारीक झाला असावा, कारण ती पुढे वाकली. “तू आरसा सोडला,” ती म्हणाली. “माझ्यासाठीच न?” हो, मी म्हटलं, तुझंच भलं व्हावं म्हणून. “सगळे म्हणते कावेरी आईवर गेली. तेच नाक, तेच कपाळ, तोच रंग. मंग अकोल्याचे लोक गेले, आणि चौथ्या दिवशी तू म्हणते, हे तोंड मले पाह्यचं नाही.” ती हे रागाने म्हणाली असती तर मला रडता आलं असतं. ती हिशेबाचं गणित सांगावं तशी सांगत होती, कधीच सोडवून ठेवलेलं. “रोज सकाळी तुझं कुंकू नीट करतो न मी, तवा तू माझ्याकडे पाह्यते आणि काहीतरी शोधते. मले वाटते, आईले एकदा लिहू तं दे. कागदावर. दुसऱ्या पोरींसारखीच मीही येईन, तू पाह्यजो, आणि लिहिजो.” मी तिला सांगायला हवं होतं. काय, ते मला माहीत होतं, ओठांवर होतं. पण पंधरा महिने मी ज्याला पुण्य समजून रोज एक दिवा लावत होते ते माझ्या लेकीच्या ताटात काय म्हणून वाढलं गेलं हे त्या क्षणी मला दिसलं, आणि दिसलेलं इतकं मोठं होतं की शब्द त्याच्याआड गेले. मी फक्त म्हटलं, बरं. वाती मोजायच्या राहिल्या त्या दिवशी.

प्रदर्शनाची दुपार पांढरी होती. शाळेच्या सभागृहाच्या खिडक्यांना तावदानं नव्हती, मैदानातल्या गाड्यांमधल्या कापसाचे कण आत तरंगत होते, आणि उन्हाच्या पट्ट्यांत ते इतके सावकाश खाली येत की वेळच तसा खाली येतो आहे असं वाटावं. आमच्यासमोर टेबल, टेबलावर हिरवं कापड, प्रत्येकीपुढे एक कागद. कागदावर रकाने आखलेले. रंग. नाकडोळे. केस. चाल. बोलणं. प्रत्येकाला दहा. मी कागदाला आणि पेन्सिलीला नमस्कार केला, सवयीने. डॉक्टरीणबाईंनी ते पाहिलं आणि हसू दाबलं. अकरा मुली होत्या. एकेक यायची, रंगमंचाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची, थांबायची, आपलं नाव आणि आवड सांगायची. विणकाम. वाचन. विणकाम. पहिलीच्या कपाळावर घाम होता. दुसरी पायांकडे पाहत चालली आणि मला तिच्या मागे ओल्या सारवणावर पावलं उमटताना दिसली. तिसरीने वेणी पुढे घेतली, कुणी सांगितलं नसताना. मला वाटलं, ह्या सगळ्या एकाच घरातून येताहेत, बोरी अरबच्या, आणि आत कुणीतरी त्यांना ढकलून म्हणतंय, जा, नीट चाल, खाली पाहा, फार खाली नको. समोर बायका, पुरुष, शिट्ट्या मारणारी दोन टाळकी, आणि साबणवाल्यांचा सोनेरी कागदाचा मुकुट एका स्टुलावर. माझा हात लिहीत होता. हात हुशार असतो, माणसापेक्षा. भाकरी थापताना, वात वळताना आपण कुठे असतो? हात असतो. सात. आठ. सहा. नऊ. पाच. मी डोळे वर करायचे, चेहऱ्यावरचा उजेड दिसायचा, आणि हात आकडा घालायचा. मला त्यात एक सुखही लागत होतं हे कसं लिहू? रांगेने आकडे पडत होते, आणि मी प्रथमच टेबलाच्या ह्या बाजूला होते.

नववी आली. तिने हिरवं लुगडं नेसलं होतं. मी पाहिलं, माझ्या आत कुणी तरी म्हणालं, उठत नाही हिच्यावर, आणि हाताने पहिल्या रकान्यात आकडा घातला. मग ती बोलली. “माझं नाव कावेरी सदाशिव. मले चहा आवडते.” लोक हसले. मी मान वर केली. ती माझ्याकडेच पाहत होती, पोह्यांचं तबक खाली ठेवताना होती तशीच निष्कंप. कापसाचा एक कण तिच्या केसांवर येऊन बसला. मी कागदाकडे पाहिलं. चार. सुरेख, स्वच्छ, गाठ मारलेला चार. खोडावा का? पेन्सिलीच्या मागे रबर होतं. पण तो आकडा माझ्या अक्षरातला होता, आणि तिने तोच मागितला होता. मी तो खोडला नाही. बाकीचे रकाने मी भरूच शकले नाही, ना तिचे ना पुढच्या दोघींचे. डॉक्टरीणबाई कोपराने हलवत म्हणाल्या, “माई, झोप लागली का?” मग वकीलीणबाईंनी कागद गोळा केले. माझ्या हाताखालून माझाही ओढून घेतला. मुकुट पाचव्या मुलीला मिळाला. तो तिला मोठा झाला आणि कानावर उतरला. फोटो काढताना जफर तिला सारखा म्हणत होता, “हसो बहन, हसो,” आणि ती हसत होती, नक्की कुणाला ते न कळणारं.

आम्ही दोघी घरी आलो. मंगळवारच्या बाजाराची धूळ बसलेली नव्हती. जोहराबीच्या घरातून शिवणयंत्राचा आवाज येत होता, गुलनार दिवाळीचे कपडे शिवत असावी. कावेरीने चूल पेटवली, आधण ठेवलं, चहाचा डबा काढला. पाठ माझ्याकडे ठेवूनच तिने विचारलं, “रंगाले किती देले?”

देवासमोर खोटं बोलत नाही मी, आणि चूलही देवच. “चार,” मी म्हटलं.

 आधणाला बुडबुडे येऊ लागले. मग तिने मान वळवली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तोंड हसत होतं, खरंच हसत होतं. “मी तीन धरले होते,” ती म्हणाली.

माझ्या आयुष्यात मला कुणी इतकं मारलं नाही. मी उठले. आतल्या खोलीत जाऊन ट्रंक उघडली. माझं लग्नातलं लुगडं बाजूला केलं, घडी सोडली, आणि फणेरपेटी आणून चुलीशेजारी जमिनीवर ठेवली. कावेरी घाबरली. “आई, नेम! कार्तिकी एकादशी तीन आठवड्यांवर आली, मंग लग्नाचे मुहूर्त सुरू होते. कसा का असेना, तुझा नेम आहे तो.” मी झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला तो आरसा, हातभर लांबीचासुद्धा नाही, कोपऱ्यात पारा उडालेला. त्यात आधी छत दिसलं, मग धूर, मग मी. एकदम दिसले, तुकड्यांनी नाही. केस कपाळाजवळ पांढरे झाले होते, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. डोळ्यांखाली दोन रेघा नव्या. रंग तोच, काळ्या रानात पाऊस मुरल्यावर असतो तो. मी वाट पाहिली. माझ्या पाठीमागे त्या उभ्या राहतील म्हणून वाट पाहिली, हिरवं नको म्हणतील म्हणून. त्या आल्या. नेहमीसारख्या आल्या, डोक्यावरून पदर, ओठ मिटलेले. आणि मी नीट पाहिलं तर त्यांचे ओठ मिटलेलेच होते. बोलत होते ते माझेच.

“इकडे ये,” मी कावेरीला म्हटलं. ती येईना. मी तिला हाताला धरून ओढलं, जन्मात पहिल्यांदा जरा जोराने. ती माझ्या खांद्यामागून वाकली. आरसा लहान, दीड चेहरा मावेल एवढाच. माझं कपाळ आणि डोळे, तिचं नाक आणि ओठ, किंवा उलट. हललो की बदलत होतं, आणि कुठे मी संपते ते काचेला कळत नव्हतं. मी करंड्यातलं कुंकू बोटावर घेतलं आणि आरशात बघून लावलं. हाताला पंधरा महिन्यांची सवय. आरसा समोर असूनही ते डावीकडे गेलं. कावेरीने पाहिलं. पदराचं टोक तिने उचललं, मग खाली सोडलं. “राहू दे,” ती म्हणाली. “आज तसंच राहू दे.”

चहा उतू गेला. तिने धावत जाऊन भांडं उतरवलं, आणि उरलेला दोन कपांत ओतला. नेम मोडल्याचं मला देवीपाशी सांगायचं होतं, आणि सांगितलंही, दुसऱ्या दिवशी सकाळी, दिवा लावून. एरवी मी हात जोडले की मागणं आपोआप ओठांवर येतं, इतकी वर्षं तेच आणि तेच. त्या सकाळी मी बराच वेळ उभी राहिले आणि काय मागायचं ते मला आठवलं नाही. देवीच्या मुखवट्यावर आदल्या शुक्रवारची हळद वाळून तडकली होती. मी ती ओल्या फडक्याने पुसून काढली, आणि खालचा दगड दिसला, काळा, गुळगुळीत, तेल पिऊन चमकणारा. ती हळद मी ह्या वेळी दुधात कालवली नाही, तुळशीच्या मुळाशी टाकली. आतून कावेरीने विचारलं, “आई, फणेरपेटी कुठी ठेवू?”

“खिडकीत ठेव,” मी म्हटलं. “उजेड येतो तिथं.”